मालदीवला जाताय? व्हिसा आधी काढायचा नाही, पण एवढं सगळं करून ठेवा

लग्नाचा सीझन संपला की मला दर आठवड्याला एखादा तरी फोन येतो, मालदीवचा व्हिसा कसा काढायचा रे, किती दिवस लागतात, एजंट अमुक पैसे मागतोय ते बरोबर आहेत का. मी दोनदा जाऊन आलोय, एकदा लग्नानंतर बायकोबरोबर रिसॉर्टला आणि एकदा आईबाबांना घेऊन माफुशी नावाच्या बेटावर गेस्ट हाऊसमध्ये, आणि दोन्ही वेळेला तयारी वेगवेगळी लागली. म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून टाकतोय, जाणाऱ्याने नीट वाचा आणि जाणार असेल त्याला पाठवा.

पहिली गोष्ट, व्हिसा. आपल्याला फिरायला जायचं असेल तर आधी कुठेही अर्ज करायचा नाही, फी भरायची नाही, पासपोर्ट कुठे जमा करायचा नाही. माले एअरपोर्टला उतरलं की इमिग्रेशनच्या काउंटरवर शिक्का मिळतो आणि तो फुकट असतो. बहुतेक सगळ्या देशांच्या पर्यटकांना हा असा शिक्का ३० दिवसांचा मिळतो, आणि भारताचा आणि त्यांचा २०१८ च्या डिसेंबरमध्ये करार झाला तो २०१९ च्या मार्चपासून लागू आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर ९० दिवसांपर्यंत राहता येतं. आपण जातो चार नाहीतर पाच रात्री, म्हणजे दिवसांचा प्रश्नच येत नाही.

आता जो कोणी तुमच्याकडून 'व्हिसा फी' म्हणून वेगळे पैसे घेतोय त्याला सरळ विचारा की बाबा ही फी कोणाला भरतोस. आईबाबांच्या वेळी मी एका ट्रॅव्हल एजंटकडून कोटेशन मागवलं तर त्यात माणशी साडेतीन हजार 'व्हिसा अँड डॉक्युमेंटेशन' असं लिहिलेलं, तिघांचे साडेदहा हजार, आणि विचारलं तर म्हणे फॉर्म भरावा लागतो ना. तो फॉर्मसुद्धा फुकटच असतो, त्याबद्दल पुढे सांगतो. एजंटकडून पॅकेज घेऊ नका असं माझं म्हणणं नाही, बरेच जण चांगलं काम करतात, पण सर्व्हिस चार्ज घ्यायचा तर सर्व्हिस चार्ज म्हणूनच घ्यावा, म्हाताऱ्या माणसांना सरकारी फी आहे असं सांगून पैसे घेणं मला पटत नाही.

पण व्हिसा आधी काढायचा नाही म्हणजे काहीच लागत नाही असं अजिबात नाही. शिक्का द्यायचा की नाही ते काउंटरवरचा अधिकारी ठरवतो आणि तो काही गोष्टी बघतो, आणि त्याच गोष्टी त्याच्या आधी मुंबईत चेक-इन काउंटरवर एअरलाइनवाले बघतात, कारण तिकडून कोणाला परत पाठवलं तर आणायची जबाबदारी त्यांच्या गळ्यात पडते. त्यामुळे खरी परीक्षा मुंबईलाच असते असं समजा.

पासपोर्ट, परतीचं तिकीट, राहण्याचं पक्कं बुकिंग आणि खर्चाला पुरतील एवढे पैसे किंवा चालणारं कार्ड, या चार गोष्टी. पासपोर्ट मशीनवर वाचला जाणारा हवा आणि मालदीवच्या नियमाप्रमाणे किमान एक महिना व्हॅलिड असला तरी चालतो, पण मी कोणालाही सांगताना सहा महिनेच सांगतो, कारण येताना फ्लाइट दुसऱ्या देशातून असली, काही कारणाने मुक्काम वाढला, तर उगाच अडकायला नको. तुमच्या पासपोर्टला सहा महिन्यांपेक्षा कमी राहिले असतील तर आधी तो रिन्यू करून घ्या मग तिकिटं बुक करा.

बुकिंगबद्दल नीट ऐका, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. जेवढ्या रात्री राहणार तेवढ्या सगळ्या रात्रींचं बुकिंग हवं, पहिल्या दोन रात्रींचं करून बाकीचं तिकडे गेल्यावर बघू असं गोव्याला चालतं, तिकडे नाही. हल्ली बरेच जण तीन रात्री लोकल आयलंडवर (म्हणजे जिथे तिथल्या लोकांचं गाव आहे अशा बेटावर) आणि दोन रात्री रिसॉर्टला असं करतात, पैसेही वाचतात आणि दोन्ही बघून होतं, चांगला बेत आहे, पण मग दोन्ही ठिकाणची कन्फर्मेशन पत्रं जवळ ठेवा, आणि तारखा एकमेकींना जुळतायत ना ते बघा, मधली एक रात्र कोरी राहिलेली मी स्वतः एका मित्राच्या कागदांत पकडलीय. कोणी ओळखीचा तिकडे नोकरीला आहे (आपले बरेच भारतीय लोक तिकडे शिक्षक, नर्स, हॉटेलात आहेत) आणि त्याच्याकडे राहायचं असेल तर नुसता पत्ता लिहून जाऊ नका, त्याला आधी तिथल्या इमिग्रेशनकडे विचारून काय कागद लागतो ते करून घ्यायला सांगा. आणि कागद म्हणजे खरंच कागद, प्रिंट काढून न्या. मोबाइलमध्ये आहे म्हणता म्हणता बॅटरी संपते, एअरपोर्टचं वायफाय लागत नाही, मागे रांग खोळंबते.

नावाचा घोळ, खास करून नव्या जोडप्यांसाठी

हे मी वेगळं लिहितोय कारण आपल्या महाराष्ट्रातच हा प्रकार जास्त होतो. लग्नानंतर मुलीचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत अजून पहिलं नावही बदलतात, आणि पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा असतो. मग तिकीट कोण काढतो, तर सासरचे किंवा नवरा, आणि तो प्रेमाने नव्या नावाने काढतो. झालं, पासपोर्टवर एक नाव, तिकिटावर दुसरं, आणि काउंटरवर कोणी मॅरेज सर्टिफिकेट बघून सोडेल अशी आशा ठेवू नका.

सरळ उपाय आहे. हनिमूनसाठी पासपोर्ट बदलायच्या मागे लागू नका, माहेरच्या नावाचा पासपोर्ट शंभर टक्के चालतो, फक्त तिकीट, हॉटेल आणि ऑनलाइन फॉर्म तिन्हीकडे पासपोर्टवर जसं छापलंय अगदी तसंच नाव टाका. आपल्याकडे पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही एकत्र छापलेलं असतं बऱ्याच जणांचं, ते तिकिटावरही तसंच दोन्ही टाकायचं, नुसतं पहिलं नाही. आणि घाई करून लग्न झाल्या झाल्या पासपोर्ट बदलायला दिला आणि तो वेळेत आलाच नाही असंही आमच्या नात्यात एकदा झालंय, तिकिटं फुकट गेली. आल्यावर निवांत बदला.

इमुगा, म्हणजे तो फॉर्म

मालदीवला जाणाऱ्या प्रत्येकाला एक ऑनलाइन ट्रॅव्हलर डिक्लेरेशन भरावं लागतं, त्याला इमुगा म्हणतात. विमान सुटायच्या आधीच्या ९६ तासांत, म्हणजे चार दिवसांत भरायचं. त्याच्या आधी भरायला गेलात तर घेणार नाही, म्हणून पंधरा दिवस आधी बसून 'साइट चालत नाहीये' असं म्हणू नका. मी साधारण दोन दिवस आधी रात्री जेवणं झाली की सगळे पासपोर्ट पुढ्यात घेऊन बसतो, माणशी दहा मिनिटं धरा.

काय काय लागतं, तर पासपोर्टची माहिती, पासपोर्ट साइजचा फोटो (मोबाइलवर काढलेला चालतो, पण मागे पांढरी भिंत आणि चेहऱ्यावर उजेड असू दे), फ्लाइट नंबर, कुठे राहणार त्या हॉटेलचं नाव, आणि तब्येतीबद्दलचे दोन-चार प्रश्न. सबमिट केलं की क्यूआर कोड येतो. त्याचा स्क्रीनशॉट घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर घरच्या ग्रुपला टाका आणि प्रिंटही काढा. तान्ह्या बाळाचाही वेगळा फॉर्म भरायचा, पासपोर्ट वेगळा तर फॉर्म वेगळा. आईबाबांचे फॉर्म तुम्हीच भरा पण ईमेल चालू असलेला द्या.

आणि हे फार महत्त्वाचं आहे, गुगलवर इमुगा शोधलं की सगळ्यात वर जाहिराती दिसू शकतात, अगदी सरकारी वाटाव्यात अशा, आणि शेवटच्या पानावर पन्नास नाहीतर सत्तर डॉलर मागतात. खऱ्या साइटच्या पत्त्यात इमिग्रेशन हा शब्द असतो आणि शेवटी गव्ह डॉट एमव्ही असं असतं. जिथे कार्ड नंबर विचारला तिथे समजायचं आपण चुकीच्या दारात आलोय, बाहेर पडा.

येतानाही हाच फॉर्म परत भरायचा असतो, मालदीवमधून निघतानाचा. तो बहुतेक जण विसरतात आणि मग माले एअरपोर्टला बॅगा पायाशी ठेवून भरत बसतात. निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलच्या वायफायवरच भरून टाका.

बॅगेत काय न्यायचं नाही

आता ज्यासाठी मी मुळात हे लिहायला बसलो तो विषय. मालदीव हा इस्लामी देश आहे, त्यांच्या राज्यघटनेतच तसं आहे, आणि कस्टमचे नियम त्याप्रमाणे आहेत. ते चांगले की वाईट हा आपला विषय नाही, आपण पाहुणे म्हणून जातोय तर त्यांच्या घरचे नियम माहीत असावेत.

देवाच्या मूर्ती. पूजेसाठीच्या मूर्ती आणायला तिकडे बंदी आहे, कस्टमच्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्यातली कितीतरी माणसं प्रवासात छोटा गणपती, अन्नपूर्णा, स्वामींची मूर्ती बरोबर ठेवतात, पर्समध्ये असते ते लक्षातही नसतं. माझी आई तिचा रांगता बाळकृष्ण सोडून कधी कुठे राहिली नव्हती, चारधामलासुद्धा तो बरोबर होता. तिला मी तिकिटं काढायच्या आधीच सांगितलं की आई, तिकडे नेता येणार नाही, बॅग स्कॅन होते, सापडला तर काढून घेतील, आणि तो तसा कोणाच्या तरी हातात जाणं तुलाच सहन होणार नाही. ती दोन दिवस गप्प होती. मग खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे ठेवायचं ठरलं, रोजचं लोणी-साखर काकूच दाखवतील म्हणून. तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांना हे एअरपोर्टवर पहिल्यांदा कळता कामा नये, आधी घरी बसून सांगा, त्यांना त्यांची सोय लावायला वेळ द्या. गळ्यातलं मंगळसूत्र, हातातल्या बांगड्या याला कोणी काही विचारत नाही, ते निर्धास्त घाला. पूजेचं बाकी सामान, वाटायला म्हणून धार्मिक पुस्तकं वगैरे मात्र नेऊच नका.

दारू. मुंबईच्या ड्यूटी फ्रीमधून बाटली घेऊन जायची सवय असेल तर इथे ती मोडा. दारू आत नेता येत नाही. बॅग उतरल्यावर स्कॅन होते, बाटली दिसली की ते ठेवून घेतात, पावती देतात, आणि परत जाताना ती दाखवून बाटली घ्यायची. फेकून देतील म्हणून घाबरू नका पण परतताना आधीच धावपळ असते त्यात हे एक काम वाढतं. प्यायची असेल तर रिसॉर्टमध्ये आणि सफारी बोटींवर मिळते, तिथे काहीच अडचण नाही. लोकल आयलंडवर, म्हणजे जिथे गाव आहे, तिथे मिळत नाही. डुकराचं मांस आणि त्याचे पदार्थ हेही चालत नाही, टिनमधले सॉसेज वगैरे कोणी नेत असेल तर बघून घ्या.

व्हेप. हे नवीन आहे म्हणून बऱ्याच जणांना माहीत नाही. २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरपासून तिकडे व्हेप आणि ई-सिगारेट आणणं, जवळ ठेवणं, वापरणं सगळ्यालाच बंदी आहे, आणि ती पर्यटकांनाही आहे. भारतातही विकायला बंदी आहेच, तरी लोकांच्या खिशात असतात, तर तो खिसा मुंबईलाच रिकामा करा. शिवाय १ नोव्हेंबर २०२५ पासून आणखी एक नियम आलाय, १ जानेवारी २००७ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तिथे तंबाखूचं काहीही विकत घेता येत नाही आणि वापरताही येत नाही, हाही पर्यटकांना लागू आहे. म्हणजे कॉलेजच्या पोरांचा ग्रुप जात असेल तर अठरा वर्षांचा मुलगा आपल्याकडच्या हिशोबाने मोठा असला तरी तिकडे सिगारेट ओढू शकत नाही.

औषधं. बाबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आम्ही मूळ पाकिटातच नेल्या, सोबत डॉक्टरांची इंग्लिशमधली चिठ्ठी. डबीत सुट्ट्या गोळ्या भरून नेऊ नका. झोपेच्या, तीव्र वेदनेच्या गोळ्या, कोडीनवालं खोकल्याचं औषध यांना तर चिठ्ठी हवीच, कारण अमली पदार्थांच्या बाबतीत त्यांचा कायदा फार कडक आहे. आणि दुसऱ्या कोणाचं पार्सल 'तिकडे माझा भाऊ घ्यायला येईल' असं म्हणून कोणी दिलं तर कितीही ओळखीचा असला तरी घेऊ नका. इथे मात्र मी भिडस्तपणा करू देणार नाही कोणाला.

ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही, नुसत्या फोटोंसाठी असेल तर घरीच ठेवा. सुका खाऊ, चिवडा, भडंग, लाडू, चकल्या हे आम्ही नेलं होतं, कोणी काही म्हटलं नाही. बाबांना मासे चालत नाहीत आणि गेस्ट हाऊसच्या जेवणात रोज मासे, त्यामुळे भडंगावर दोन संध्याकाळी निघाल्या. ताजी फळं, रोपं, बिया नेऊ नका.

पैसे

रिसॉर्ट आणि गेस्ट हाऊस दोन्हीकडे डॉलर चालतात, त्यांचं चलन रुफिया, एका डॉलरला साधारण १५.४२ रुफिया. लोकल आयलंडवर चहा-बिस्किटापुरते रुफिया घ्या पण जास्त बदलून घेऊ नका, उरले तर परत डॉलर करून घेणं अवघड जातं. आपले रुपये घेऊन जायला आपल्याच रिझर्व्ह बँकेची २५ हजारांची मर्यादा आहे आणि तिकडे त्यांचा उपयोगही नाही, मुंबईत टॅक्सीपुरते ठेवा. क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहार बंद केलेले असतात, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन निघायच्या आधी चालू करा.

आता टॅक्स. पॅकेजचा आकडा बघून लोक खूश होतात आणि निघताना बिल बघून तोंडं पडतात. ग्रीन टॅक्स म्हणून माणशी, रात्रीमागे वेगळे पैसे असतात, १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टला १२ डॉलर आणि वस्तीच्या बेटावरच्या ५० खोल्यांपर्यंतच्या गेस्ट हाऊसला ६ डॉलर, दोन वर्षांखालच्या बाळाला नाही. म्हणजे दोघं जण चार रात्री रिसॉर्टला तर ९६ डॉलर झाले. त्यावर पर्यटनाचा जीएसटी, तो १ जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे, आणि १० टक्के सर्व्हिस चार्ज. म्हणून बुकिंग करताना एकच प्रश्न लेखी विचारा, ग्रीन टॅक्स, जीएसटी, सर्व्हिस चार्ज आणि ट्रान्सफर (एअरपोर्ट ते बेट ने-आण) धरून एकूण किती. निघताना एअरपोर्टचा डिपार्चर टॅक्स आणि डेव्हलपमेंट फी असते, २०२४ च्या डिसेंबरपासून ती वाढून इकॉनॉमीला दोन्ही मिळून १०० डॉलर झालीय, पण ती तिकिटातच धरलेली असते, काउंटरवर वेगळी कोणी मागत नाही. तिकीट एवढं महाग का दिसतं त्यातलं एक कारण हे.

उतरल्यावर

मुंबईहून थेट फ्लाइटला पावणेतीन-तीन तास लागतात. एअरपोर्ट हुल्हुले नावाच्या बेटावर आहे, माले शहर शेजारच्या बेटावर, आणि २०१८ पासून दोघांना जोडणारा पूल आहे. घड्याळ अर्धा तास मागे करा. इथे एक गंमत लक्षात ठेवा, काही रिसॉर्ट स्वतःचं घड्याळ माले वेळेच्या एक तास पुढे ठेवतात, पाहुण्यांना संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून. त्यामुळे परतीच्या बोटीची वेळ सांगतील तेव्हा ती कुठल्या घड्याळाने ते विचारून घ्या.

इमिग्रेशनला पासपोर्ट, क्यूआर आणि हॉटेलचा कागद हातात ठेवा. किती दिवस, कुठे राहणार, कोणाबरोबर आलात, एवढंच साधारण विचारतात. आईबाबांना हॉटेलचं आणि बेटाचं नाव नीट पाठ करायला सांगून ठेवा, आमच्या बाबांना 'माफुशी' आठवेना आणि ते 'मालवणजवळ' म्हणून बसले, मग मीच पुढे होऊन कागद दाखवला. शिक्का बसला की तिथेच उभं राहून त्यावरची तारीख वाचा.

बाहेर आलं की समोरच समुद्र, जेट्टी आणि रिसॉर्टवाल्यांचे काउंटर असतात, तुमचा माणूस नावाची पाटी घेऊन उभा असतो. रिसॉर्टचं बेट जवळ असेल तर स्पीडबोट, लांब असेल तर सीप्लेन (पाण्यावर उतरणारं छोटं विमान) किंवा देशांतर्गत विमान. सीप्लेन फक्त उजेडात उडतात. म्हणून तुमची फ्लाइट दुपारी साडेतीन-चारनंतर उतरणार असेल तर त्या दिवशी सीप्लेन मिळणार नाही असंच धरून चाला, एक रात्र माले किंवा एअरपोर्टजवळच्या हुल्हुमालेला काढावी लागेल आणि त्या रात्रीचंही बुकिंग इमिग्रेशनला दाखवायला हवं. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून संध्याकाळचं काढलं आणि वाचलेले पैसे हॉटेलात घातले असं होतं. सीप्लेनला सामान २० किलो आणि हातात ५ किलो, त्यावर गेलं की किलोमागे पैसे. हनिमूनच्या बॅगा कशा असतात ते मला माहीत आहे, आमच्या दोघांच्या मिळून ५२ किलो भरल्या होत्या. वजन घरी करा.

माफुशीला स्पीडबोटने अर्धा-पाऊण तास. सरकारी फेरीबोट स्वस्त असते पण वेळ खाते, आणि शुक्रवार तिकडे सुट्टीचा, त्या दिवशी फेऱ्या कमी आणि दुपारच्या नमाजाच्या वेळी दुकानं बंद, शुक्रवारी उतरणार असाल तर गेस्ट हाऊसला आधी मेसेज करून बोट ठरवून घ्या. मे ते ऑक्टोबर पावसाळी वारं असतं, बोट चांगलीच आपटते, पाठीचं दुखणं असलेल्याने मागच्या बाजूला बसावं, पुढे नाही.

लोकल आयलंडवर राहताना

पूर्वी पर्यटकांना रिसॉर्टच्या बेटांवरच राहावं लागायचं, पहिलं रिसॉर्ट १९७२ ला सुरू झालं कुरुंबाला, आणि गावांच्या बेटांवर गेस्ट हाऊस चालायला लागली ती २०१० च्या आसपास. आपल्यासारख्यांना मालदीव परवडायला लागलं ते त्यामुळेच, माफुशी, थुलुसधू, धिगुरा, उकुल्हास, फुलिधू ही सगळी तशी बेटं. पण ती गावं आहेत, तिथे शाळा आहे, मशीद आहे, बायका-पोरं आहेत. स्विमसूट फक्त 'बिकिनी बीच' अशी पाटी असलेल्या भागात, गावातून फिरताना खांदे-गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांनीही उघडं फिरू नये. नाचगाणं, मोठ्याने आरती वगैरे सार्वजनिक जागी करू नका. रमजानमध्ये गेलात तर दिवसा रस्त्यावर खाणं-पिणं टाळा, रिसॉर्टला मात्र काही फरक पडत नाही. आईला तिथल्या गेस्ट हाऊसच्या मावशींनी दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात बोलावलं, मासहुनी कशी करतात ते दाखवायला, टूना, खवलेला नारळ, कांदा, मिरची, लिंबू. ते बघून आई म्हणाली हे तर आपल्या कोकणातल्यासारखंच. भाषा कळत नव्हती पण खवणी दोघींना कळत होती.

ज्यांचं प्रकरण थोडं वेगळं आहे त्यांच्यासाठी

घरातली मुलं अमेरिका, इंग्लंडची नागरिक असतील आणि तुमच्याबरोबर येणार असतील तर त्यांना ३० दिवसवाला नियम, भारतीय पासपोर्टचे ९० दिवस त्यांना नाहीत, ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) मालदीवमध्ये काहीही उपयोग नाही. मात्र भारतात परत यायला ते कार्ड लागणारच, ते घरी कपाटात ठेवून येऊ नका. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या यलो फीव्हरच्या देशातून थेट येत असाल तर लसीचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं, नायजेरिया-केनियाला नोकरीला असलेल्यांनी हे विसरू नका.

आणि नोकरी. टुरिस्ट म्हणून या, आल्यावर वर्क परमिट करून देतो असं कोणी सांगत असेल तर जाऊ नका. तिकडे नोकरीसाठी मालकाने आधी मंजुरी काढायची असते आणि ती तुमच्या नावाने हातात आल्यावरच निघायचं. टुरिस्ट शिक्क्यावर काम करताना सापडलात तर दंड, परत पाठवणी आणि पुढे येण्यावर बंदी येऊ शकते, आणि पगार बुडाला तर तक्रार करायलाही तोंड राहत नाही. हॉटेल मॅनेजमेंट झालेल्या पोरांना हे खास सांगा.

परत येताना

वाळू, प्रवाळाचे तुकडे, समुद्रातून उचललेले शिंपले, कासवाच्या पाठीच्या वस्तू काहीही आणू नका. वाळू आणि प्रवाळ बाहेर न्यायला बंदी आहे आणि बॅग स्कॅनमध्ये दिसतं. मुलं गुपचूप खिशात भरतात, कपडे भरताना खिसे तपासा. आपल्या कस्टमला माणशी दोन लिटर दारूपर्यंत चालतं, ती माले एअरपोर्टच्या ड्यूटी फ्रीमधून घ्या हवी तर.

पासपोर्ट हरवला तर मालेमध्ये भारताचं हायकमिशन आहे, तिथून परत यायला इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, पण त्यासाठी आधी तिथल्या पोलिसांचा रिपोर्ट लागतो आणि पासपोर्टची झेरॉक्स, दोन फोटो जवळ असतील तर काम लवकर होतं. ही झेरॉक्स आणि फोटो पासपोर्टच्याच पाकिटात ठेवू नका, दुसऱ्या माणसाच्या बॅगेत ठेवा.